संहितेतील स्थळ आणि नकाशावरील बिंदू : मुक्तस्रोत नकाशा-प्रणालीत अभ्यासकाचे साधन

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राचीन मराठी गद्याच्या अभ्यासात स्थळनामांचा प्रश्न नवा नाही. 'लीळाचरित्रा'तील श्रीचक्रधरांच्या भ्रमणाचा क्रम लावताना, 'स्थानपोथी'तील गावे व देवळे आज कोठे आहेत याचा शोध घेताना, किंवा एखाद्या ताम्रपटातील दानगावाची ओळख पटविताना अभ्यासकाला नकाशा उघडावा लागतोच. पूर्वी तो कागदी असे आणि त्यावर शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा अभ्यासकापाशीच राहत. अलीकडे हे काम संगणकावरील नकाशा-प्रणालीत होऊ लागले आहे. विद्यार्थी प्रबंधाला नकाशा जोडतात, प्रकल्पांतून स्थळकोश तयार होतात आणि ते इतरांच्या हाती जातात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु तिच्या पोटात एक धोका दडलेला आहे आणि त्याची चर्चा आपल्या विभागांतून फारशी होत नाही.

धोका असा की, नकाशावरचा बिंदू शंका बोलून दाखवीत नाही. छापील ग्रंथात संपादक 'हे गाव बहुधा अमुक असावे' असे लिहितो, तळटीपेत दुसरे मत देतो, पाठभेद नोंदवितो. नकाशावर मात्र 'बहुधा' हा शब्द उमटत नाही. तेथे एक ठिपका उमटतो आणि तो निश्चित स्थळाच्या ठिपक्याइतकाच ठाम दिसतो. ज्या स्थळाची ओळख पटलेली नाही, त्याचा तर नकाशावर मागमूसही राहत नाही. अशा रीतीने दोनशे वर्षांच्या पाठचिकित्सेने कमावलेला सावधपणा एका क्लिकसरशी गळून पडतो.

याचा दोष यंत्राला देऊन भागणार नाही. नकाशा-प्रणाली आपल्याला जे विचारते, तेच आपण तिला सांगतो. सर्वसाधारण प्रणाली 'जागा कोणती' आणि 'नाव काय' एवढेच विचारते. 'कोणत्या संहितेवरून', 'कोणत्या पाठावरून', 'कितपत खात्रीने' हे ती विचारीत नाही, कारण ती रस्ते, जलवाहिन्या व शेतांच्या हद्दी आखणाऱ्यांच्या गरजांतून घडली आहे. म्हणून प्रश्न विचारणारे साधन आपणच घडविले पाहिजे. मुक्तस्रोत प्रणालीत ते शक्य आहे. ते कसे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल 'क्यूजीआयएस' ही प्रणाली घेतली आहे आणि विवेचन संगणकशास्त्राच्या नव्हे, तर मराठीच्या अभ्यासकाला समोर ठेवून केले आहे.

२. प्रणालीचा अल्प परिचय

गॅरी शर्मन या अमेरिकी तंत्रज्ञाने २००२ साली 'क्वांटम जीआयएस' या नावाने हे काम सुरू केले. २००९ साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली, २०१३ साली दुसऱ्या मालिकेबरोबर नाव 'क्यूजीआयएस' असे आटोपशीर झाले आणि २०१८ साली तिसरी मालिका सुरू झाली. ही प्रणाली 'जीएनयू सार्वजनिक परवान्या'खाली वितरित होते. म्हणजे ती विनामूल्य आहे एवढेच नव्हे, तर तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तीत बदल करता येतो आणि बदललेली प्रत त्याच अटींवर इतरांना देता येते. साहित्याच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. हस्तलिखिताची नक्कल करणारा लेखक, त्यावर समासात टीप लिहिणारा वाचक आणि पुढची प्रत सिद्ध करणारा संपादक यांच्या परंपरेशी तिचे नाते आहे.

प्रणालीचा गाभा सी-प्लस-प्लस या भाषेत लिहिलेला आहे आणि तिचा पडदा, म्हणजे बटने, यादीपट्ट्या व चौकटी, 'क्यूट' या आज्ञासंग्रहावर उभा आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. २००७ सालापासून या प्रणालीत पायथन भाषेतून पूरक आज्ञावली जोडण्याची सोय झाली. अशा पूरक आज्ञावलीस 'प्लगइन' म्हणतात. पायथन ही तुलनेने सुबोध भाषा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने दोन-तीन महिने नेटाने अभ्यास केल्यास पुढे वर्णिलेले साधन त्याच्या आवाक्यात येऊ शकते.

३. साधन जोडण्याच्या चार पायऱ्या

'स्वतःचे साधन' म्हटले की लगेच आज्ञावली लिहावयास बसणे हा उतावळेपणा होय. प्रणालीत बदल करण्याच्या चार पायऱ्या आहेत आणि खालची पायरी पुरी पडत असेल तर वरची चढू नये.

पहिली पायरी मांडणीची. प्रणाली प्रथमच उघडणारा विद्यार्थी पडद्यावरील शेकडो बटनांनी गांगरतो. 'सेटिंग्ज' यादीतील इंटरफेस-सुधारणेच्या सोयीने नको असलेली बटने व याद्या झाकून ठेवता येतात. तिसऱ्या मालिकेपासून स्वतंत्र 'वापर-रूपे' करण्याचीही व्यवस्था आहे. विभागातील संगणकावर 'स्थळनोंद' या नावाचे एक वापर-रूप करून त्यात मोजकीच हत्यारे उघडी ठेवली, तर एकही ओळ न लिहिता निम्मी अडचण दूर होते.

दुसरी पायरी नोंदपत्राची. नकाशावरील प्रत्येक थरामागे एक तक्ता असतो आणि नवा बिंदू ठेवताच त्या तक्त्याचे नोंदपत्र समोर येते. हे नोंदपत्र हवे तसे रचता येते. रकान्यांना मराठी शीर्षके देता येतात, 'निश्चित', 'संभाव्य', 'विवाद्य' अशी ठरावीक मूल्यांची यादी लावता येते आणि एखादा रकाना रिकामा असल्यास नोंद स्वीकारूच नये, असा निर्बंधही घालता येतो. आधीच्या नोंदीतील मूल्य पुढच्या नोंदीत आपोआप उतरविण्याची सोय आहे. एकाच संपादनातील पन्नास स्थळे ओळीने नोंदविताना ग्रंथाचे नाव पन्नास वेळा लिहावे लागत नाही.

तिसरी पायरी 'कृती' व लहान लिपींची. थराला कृती जोडली की बिंदूवर क्लिक करताच ठरलेले काम होते. उदाहरणार्थ, त्या उल्लेखाच्या छापील पृष्ठाचे किंवा पोथीच्या पत्राचे छायाचित्र उघडता येते. पाठचिकित्सकाला याचे मोल वेगळे सांगावयास नको. नकाशा पाहणाऱ्याला पुरावा हाताशी मिळतो. शेकडो नोंदींवर एकच प्रक्रिया करावयाची असेल तर पायथनमधील लहान लिपी प्रणालीच्या 'प्रोसेसिंग' पेटीत ठेवता येते आणि तेथील इतर हत्यारांप्रमाणेच ती वापरता येते.

चौथी पायरी प्लगइनची. एका क्लिकमधून एकाहून अधिक तक्त्यांत नोंद करावयाची आहे, लिहिलेले नाव नोंदण्यापूर्वी शुद्ध करून घ्यावयाचे आहे, किंवा जागा न ठरवताही उल्लेख नोंदवावयाचा आहे, अशा वेळी पहिल्या तीन पायऱ्या अपुऱ्या पडू लागतात. स्थळनामांच्या चिकित्सक नोंदीत या तिन्ही गरजा एकत्र येतात.

४. आधी आराखडा, मग आज्ञावली

साधन लिहिण्यापूर्वी नोंदीचा आराखडा ठरविला पाहिजे आणि हे काम संगणकतज्ज्ञाचे नाही. ते संहितेच्या अभ्यासकाचे आहे. 'लीळाचरित्रा'चे उदाहरण घेऊ. एका लीळेत एखाद्या गावाचे नाव येते. हा झाला 'उल्लेख'. आज अस्तित्वात असलेले एखादे गाव, देऊळ वा नदीकाठ, हे झाले 'स्थळ'. अमुक उल्लेख म्हणजे तमुक स्थळ, असे कोणा अभ्यासकाने केलेले विधान, ही झाली 'निश्चिती'. सर्वसाधारण नकाशा-तक्त्यात या तीन गोष्टी एकाच ओळीत कोंबल्या जातात आणि तेथेच गोंधळाचे मूळ आहे. उल्लेख हे संहितेतील तथ्य आहे, स्थळ हे भूमीवरील तथ्य आहे आणि निश्चिती हे मत आहे. मताला तथ्याच्या रकान्यात जागा देऊ नये.

म्हणून तीन स्वतंत्र तक्ते हवेत. 'उल्लेख' तक्त्यात ग्रंथ, संपादन, लीळेचा वा प्रकरणाचा क्रमांक, नावाचा जसाच्या तसा पाठ आणि पाठभेद यांचे रकाने असावेत. येथे संपादनाचा उल्लेख अनिवार्य आहे, कारण लीळांचे क्रमांक सर्व संपादनांत सारखे नाहीत. कोलते यांच्या प्रतीतील क्रमांक तुळपुळे यांच्या प्रतीत शोधू गेल्यास फसगत होते. 'स्थळ' तक्त्यात आजचे नाव, तालुका, जिल्हा आणि बिंदू असावा. 'निश्चिती' तक्ता या दोहोंना जोडतो. त्यात मत कोणाचे, आधार कोणता, खात्री कितपत आणि नोंद कोणी केव्हा केली हे येते. एका उल्लेखाला दोन निश्चिती असू शकतात, तीनही असू शकतात. एकही नसेल तरी उल्लेख तक्त्यात राहतो. हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. जे सापडले नाही त्याचीही मोजदाद असल्यावाचून, जे सापडले त्याचे प्रमाण किती हे सांगता येत नाही.

या विभागणीचा उपयोग एका साध्या नावावरून स्पष्ट होईल. 'बेलापूर' म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नवी मुंबईतील बेलापूर येते आणि नावावरून आपोआप जागा शोधणारे यंत्रही बहुधा तेथेच जाऊन थांबते. 'लीळाचरित्रा'च्या अभ्यासकाला मात्र प्रवराकाठचे बेलापूर अभिप्रेत असते. त्यातही दौंड-मनमाड लोहमार्गावरील 'बेलापूर' नावाचे स्थानक प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात आहे; म्हणजे स्थानकाच्या खुणेवर विसंबूनही चुकण्याचा संभव आहे. एकाच नावाचे हे तीन बिंदू. यांपैकी एक निवडणे ही अर्थनिर्णयाची कृती आहे, नकलेची नव्हे. तिला आधार विचारलाच पाहिजे.

नावे बदलतात, हीदेखील बाब आराखड्यात धरली पाहिजे. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या संपादनांतील टिपा जुन्या जिल्ह्यांच्या नावांनी आहेत. तेव्हा 'आजचे नाव' हा रकाना वर्षाशिवाय अपुरा आहे.

शेवटचा विचार सूक्ष्मतेचा. 'स्थानपोथी' केवळ गाव सांगून थांबत नाही. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे तोंड कोणीकडे, अशी माहिती ती देते. अशा उल्लेखासाठी गावाच्या मध्यावर बिंदू ठेवणे म्हणजे संहितेने दिलेली सूक्ष्मता दवडणे होय. उलट, ज्या संहितेत केवळ प्रदेशाचे नाव आहे, तिच्यासाठी एखाद्या देवळावर बिंदू ठेवणे म्हणजे नसलेली सूक्ष्मता पदरची घालणे होय. म्हणून प्रत्येक बिंदूबरोबर तो 'देऊळ', 'वस्ती' की 'परिसर' या पातळीचा आहे, हे नोंदवावे.

५. प्लगइनची अंतर्गत रचना

आराखडा सिद्ध झाल्यावर साधनाची रचना तुलनेने सोपी आहे. प्लगइन म्हणजे एक फोल्डर होय. त्यात किमान तीन फाइली असतात. पहिली ओळखपत्रासारखी असते. तीत साधनाचे नाव, कर्ता, आवृत्ती आणि प्रणालीची किमान कोणती आवृत्ती हवी, ही माहिती असते. दुसरी फाइल प्रवेशद्वाराचे काम करते. प्रणाली सुरू होताना तिच्यातील 'क्लास फॅक्टरी' हे कार्य बोलावले जाते आणि ते आपल्या साधनाची मूळ वस्तू प्रणालीच्या स्वाधीन करते. तिसऱ्या फाइलीत प्रत्यक्ष साधन असते.

या तिसऱ्या फाइलीत दोन कार्ये अपरिहार्य आहेत. 'इनिट-गुई' हे पहिले. साधन चालू होताच ते धावते, साधनपट्टीवर आपले बटन बसविते आणि प्लगइनच्या यादीत आपले नाव घालते. 'अनलोड' हे दुसरे. साधन बंद करताना ते धावते आणि पहिल्याने जे जे पडद्यावर मांडले ते सारे आवरून नेते. नवशिक्याचे लक्ष पहिल्याकडे असते व दुसरे अर्धवट राहते. परिणामी साधन पुन्हा सुरू केले की एकाच बटनाच्या दोन प्रती दिसू लागतात. पाहुण्याने जाताना आपले अंथरूण घडी करून ठेवावे, हा शिष्टाचार येथेही लागू आहे.

बटन दाबल्यावर काय व्हावे? प्रणालीत 'मॅप टूल' अशी एक संकल्पना आहे. नकाशाच्या पटावर उंदराच्या हालचालींना अर्थ देणारे ते हत्यार होय. सरकविण्याचे, मोठे करून पाहण्याचे, माहिती विचारण्याचे, अशी हत्यारे आधीपासूनच असतात आणि एका वेळी त्यांपैकी एकच हाती असते. आपले बटन दाबताच पटाला सांगावयाचे की, आता हे नवे हत्यार हाती घे. बिंदूवर क्लिक होताच त्याची सूचना देणारे तयार हत्यार प्रणालीत उपलब्ध आहे. आपण फक्त त्या सूचनेला आपले कार्य जोडावयाचे. क्लिक होते, सूचना येते, तिच्याबरोबर बिंदूचे निर्देशक येतात आणि आपले कार्य नोंदीची चौकट उघडते.

येथे एक बारीक खोच आहे. हत्यार ज्या कार्यात निर्माण केले, त्याच्यापुरतेच त्याला नाव दिले असेल, तर ते कार्य संपताच पायथन त्या वस्तूला निरुपयोगी समजून नष्ट करते. बटन दाबले जाते, पण नकाशावर क्लिक करून काहीच घडत नाही आणि चूक कोठे आहे हे कळत नाही. उपाय सोपा आहे : हत्यार साधनाच्या मूळ वस्तूशी बांधून ठेवावे, म्हणजे साधन जिवंत असेपर्यंत तेही राहते.

चौकटीतील 'नोंदवा' हे बटन तपासणीनंतरच उघडले पाहिजे. ग्रंथ, संपादन, क्रमांक आणि खात्रीची पातळी यांपैकी काहीही रिकामे असेल तर ते मिटलेलेच राहील. हीच या साधनाची खरी किल्ली आहे. आधार दिल्यावाचून बिंदू ठेवताच येत नाही. चौकटीत 'जागा न ठरवता नोंदवा' असे दुसरे बटनही असावे. प्रणालीत जागेवाचून नोंद ठेवता येते. उल्लेखाच्या तक्त्याला तर बिंदूची गरजच नाही. या दुसऱ्या बटनामुळे 'ठाऊक नाही' हे प्रामाणिक उत्तर देण्याची मुभा अभ्यासकाला मिळते आणि केवळ नोंद पुरी व्हावी म्हणून कोठेतरी ठिपका ठेवण्याचा मोह टळतो.

नोंद साठविताना दोन मार्ग असतात. एकात तक्त्याच्या मूळ साठ्यात थेट लिहिले जाते. दुसऱ्यात थराचे संपादन चालू करून त्यातून लिहिले जाते. दुसरा मार्ग पत्करावा. त्यात चूक झाल्यास पाऊल मागे घेता येते आणि पक्के करण्यापूर्वी फेरविचाराला अवसर राहतो.

६. निर्देशक, लिपी आणि साठा : तीन सापळे

पहिला सापळा निर्देशकांचा. आपण बोलताना 'अक्षांश-रेखांश' असा क्रम ठेवतो. प्रणाली आधी आडवा निर्देशक, म्हणजे रेखांश, मागते. क्रम उलटला तर पैठण गोदाकाठ सोडून थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील हिमसमुद्रात जाते. ही चूक इतकी ढोबळ असते की ती लगेच ध्यानात येते. दुसरी चूक अधिक फसवी आहे. पार्श्वभूमीला 'ओपनस्ट्रीटमॅप'चा नकाशा ठेवला असता प्रकल्प बहुधा 'वेब मर्केटर' पद्धतीत असतो आणि क्लिकबरोबर येणारे आकडे अंशांत नसून मीटरांत असतात. पैठणचा रेखांश सुमारे ७५.४ अंश, त्याऐवजी सुमारे ८३ लाख ९० हजार असा आकडा हाती येतो. साठविण्यापूर्वी साधनाने तो 'डब्ल्यूजीएस ८४' या सर्वपरिचित पद्धतीत आपणहून बदलून घेतला पाहिजे. अंतरे मोजावयाची असल्यास आणखी एक सावधगिरी हवी. मीटरांत मोजणाऱ्या 'यूटीएम' पद्धतीत ७८ अंश रेखांशापाशी पट्टा बदलतो. पैठण ४३व्या पट्ट्यात येते, तर रामटेक ४४व्या. गोदाकाठापासून विदर्भापर्यंतच्या भ्रमणमार्गाची लांबी एकाच पट्ट्यात मोजण्याऐवजी पृथ्वीची वक्रता धरून मोजण्याची प्रणालीतील सोय वापरावी.

दुसरा सापळा लिपीचा असून तो खास आपला आहे. 'कऱ्हाड' हे नाव घ्या. त्यातील अर्धा र संगणकात तीन प्रकारे साठविला जाऊ शकतो : स्वतंत्र 'ऱ' हे चिन्ह व हलन्त, साधा 'र', त्याखाली नुक्ता व हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, पण शोध घेताना यंत्राला ती तीन वेगळी नावे वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिल्या दोन रूपांचा मेळ बसतो. तिसऱ्यासाठी साधनात वेगळा नियम लिहावा लागतो. याशिवाय 'कराड' हे लेखनही प्रचारात आहेच आणि 'ऋद्धिपूर', 'रिद्धपूर' यांसारखी पर्यायी रूपेही आहेत. येथे मात्र थांबावे. चिन्हांचा भेद हा यंत्राचा अपघात आहे, तो साधनाने मिटवावा. लेखनभेद हा संहितेचा पुरावा आहे, तो साधनाने कदापि मिटवू नये. 'नावाचा पाठ' जसाच्या तसा ठेवून शोधासाठी प्रमाणरूपाचा वेगळा रकाना करणे, हा त्यावरील मार्ग होय. आधारनकाशावरील रोमन नावांवर विसंबणेही असेच धोक्याचे. त्या लेखनात ल-ळ, न-ण यांतील भेद हरवतो आणि स्थळनामाच्या व्युत्पत्तीत बहुधा तोच निर्णायक असतो.

तिसरा सापळा साठ्याचा. 'शेपफाइल' हे जुने स्वरूप आजही सर्रास वापरले जाते. त्यात रकान्याच्या नावाला १० बाइट आणि मजकुराला २५४ बाइट अशी मर्यादा आहे. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा, अनुस्वार व हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हे होत. म्हणजे रकान्याच्या नावात जेमतेम ३ चिन्हे बसतात आणि 'संदर्भ' हा शब्दसुद्धा मावत नाही. मजकूर ८४ चिन्हांनंतर तुटतो. पाठभेदाची टीप मध्येच तुटली तर तिचा अर्थ उलटाही होऊ शकतो. यास्तव 'जिओपॅकेज' हे स्वरूप वापरावे. तिसऱ्या मालिकेपासून क्यूजीआयएसने तेच आपले नेहमीचे स्वरूप मानले आहे, त्यात या मर्यादा नाहीत आणि आपले तिन्ही तक्ते एकाच फाइलीत राहतात.

७. साधनाचे आयुष्य आणि नोंदींचे आयुष्य

साधन तयार झाले की फोल्डरची झिप-फाइल करून ती विद्यार्थ्यांना देता येते. प्लगइन-व्यवस्थापकातून ती थेट बसविता येते. प्रणालीच्या अधिकृत संग्रहातही साधन पाठविता येते, पण त्यासाठी ते मूळ प्रणालीच्या परवान्याशी सुसंगत अटींवर खुले करावे लागते. विद्यापीठीय संशोधनाला ही अट जाचक वाटण्याचे कारण नाही.

एक वास्तव मात्र ध्यानी ठेवले पाहिजे. साधने अल्पायुषी असतात. २०१८ साली तिसरी मालिका आली तेव्हा तिच्यातील पायथन व क्यूट या दोहोंच्या आवृत्त्या बदलल्या आणि जुनी प्लगइने दुरुस्त केल्यावाचून चालेनाशी झाली. असे पुन्हा होणारच. प्रबंध पूर्ण झाल्यावर साधनाची देखभाल करणारा विद्यार्थी विभागात राहत नाही. म्हणून दोन पथ्ये पाळावीत. पहिले, नोंदी साधनावाचून वाचता आल्या पाहिजेत : रकान्यांची नावे स्पष्ट असावीत, 'संभाव्य' व 'विवाद्य' यांत नेमका कोणता भेद केला हे सोबतच्या टिपणात लिहिलेले असावे आणि साऱ्या तक्त्यांची साध्या मजकुराच्या स्वरूपातील एक प्रत ग्रंथालयात जमा असावी. दुसरे, साधन लहान ठेवावे. सर्व काही करू पाहणारे साधन कोणालाच पुढे चालविता येत नाही. दोनतीनशे ओळींचे साधन पुढच्या तुकडीतील विद्यार्थी वाचून दुरुस्त करू शकतो.

अंतिम नकाशातही आराखड्याशी इमान राखावे. निश्चित स्थळासाठी भरीव वर्तुळ, संभाव्यासाठी पोकळ, विवाद्यासाठी तुटक रेषेने जोडलेली पर्यायी स्थळे आणि नकाशाच्या कोपऱ्यात ओळख न पटलेल्या उल्लेखांची संख्या, इतके केले तरी वाचकाला नकाशा तळटीपेसह वाचल्याचा प्रत्यय येईल. प्रबंधाच्या परीक्षकांनीही अशा नकाशाचा आग्रह धरावयास हरकत नाही.

८. समारोप

साहित्याच्या अभ्यासकाने संगणकाची भाषा शिकावी काय, हा वाद अधूनमधून उपस्थित होतो. वरील विवेचनावरून त्या वादाचे केंद्र बदलावे असे वाटते. आज्ञावली कोणी लिहावी हा दुय्यम प्रश्न आहे. ती विभागातील विद्यार्थ्याने लिहावी, शेजारच्या विभागाची मदत घ्यावी किंवा केवळ नोंदपत्रावर भागवावे. साधनाने कोणते प्रश्न विचारावेत, हे मात्र संहितेच्या अभ्यासकानेच ठरविले पाहिजे. ते इतरांवर सोपविले तर उत्तरेही इतरांच्या गरजेची मिळतील. हस्तलिखितांच्या चिकित्सेत आपल्या पूर्वसूरींनी प्रत, पाठ व आधार या तिहींची जी शिस्त लावली, ती बिंदूलाही लावणे हे या साधनाचे प्रयोजन होय. मुक्तस्रोत प्रणालीने त्यासाठी दार उघडे ठेवले आहे. त्यातून आत जाताना आपली तळटीप बाहेर राहू नये, एवढी दक्षता आपण घ्यावयाची आहे.